नऊ की अकरा?

मित्राने जुनी मिनी घेतली तेव्हा ती विकणाऱ्याने त्याला हलक्या आवाजात सांगितलं होतं, "आतलं इंजिन साधं नाही बरं का." असं वाक्य नेहमी हलक्या आवाजातच सांगितलं जातं. मोठ्याने सांगितलं असतं तर कोणीतरी पुरावा मागितला असता.

गाडी १९६४ची, राखाडी. डिकीवर 'एस' हे अक्षर होतं. बॉनेट उघडलं की मागच्या बाजूला दोन एसयू कार्ब्युरेटर जोडीने बसलेले दिसायचे. पण डायनॅमोच्या वर, ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य लोखंडी ठोकळ्यावर, जिथे इंजिन नंबरची छोटी पट्टी रिव्हेटने ठोकलेली असते, तिथे नुसती दोन भोकं होती. मित्र म्हणाला, "तुला यातलं कळतं ना? बघ आणि सांग."

मला यातलं कळत होतं असं मलाही त्या वेळी वाटत होतं. खरं म्हणजे मला एक तक्ता पाठ होता. या दोन गोष्टींतलं अंतर किती, ते पुढे सांगतो.

मिनीचं इंजिन पहिल्यांदा बघणाऱ्याचा थोडा अपेक्षाभंगच होतो. १९५९ साली ती बाजारात आली तेव्हा अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी चार सिलिंडरचं इंजिन आडवं ठेवलं आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली, तेलाच्या टाकीतच घातला. इंजिन आणि गिअरबॉक्स एकच तेल पितात. जागा वाचली, माणसांना बसायला पैस मिळाली, पण बॉनेटखाली जे उरलं ते म्हणजे लोखंडाचा एक काळपट ठोकळा आणि त्याच्याभोवती नळ्यांची गर्दी. त्यात भर घालायला आपल्या गाडीच्या इंजिनावर साठेक वर्षांचं तेल आणि धूळ यांची खपली होती. साध्या इंजिनातलं आणि दुर्मीळ इंजिनातलं अंतर या खपलीखाली कुठेतरी असतं, तेही काही मिलिमीटरचं.

हे इंजिन 'ए-सिरीज' घराण्यातलं. घराणं हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. १९५१ साली ऑस्टिन ए-३० या गाडीतून ते जन्माला आलं तेव्हा ८०३ सीसीचं होतं. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्याच मूळ आराखड्यातून नवीनवी इंजिनं निघत राहिली. कारखान्यातल्या यंत्रांची मांडणी बदलणं महाग, म्हणून अभियंते दोनच गोष्टींशी खेळत राहिले: सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, आणि पिस्टनची वरखाली धाव, म्हणजे स्ट्रोक. कधी एक बदलायचा, कधी दुसरा, कधी जुन्या इंजिनाचा बोअर आणि भलत्याच इंजिनाचा स्ट्रोक एकत्र आणायचा.

त्यामुळे या घराण्यात कोणाचं नाक कोणावर गेलंय आणि कोणाचे डोळे कोणावर, हे सांगताना दमछाक होते. ८०३चा स्ट्रोक ७६.२ मिमी. तोच पुढे मॉरिस मायनर १०००च्या ९४८ सीसीला मिळाला. ९४८चा बोअर ६२.९ मिमी, तोच मिनीच्या ८४८ला. आणि ७६.२चा तो स्ट्रोक पुन्हा ९९८मध्ये हजर. ९९८चा बोअर ६४.५८, तो १०९८ सीसीच्या इंजिनाशी जुळतो. लग्नाच्या मांडवात बसून नाती लावणाऱ्या आत्याबाईंना हे काम द्यायला हवं होतं. आम्हा पुरुषमाणसांना नंबर लागतात.

आता या घराण्यातली लाडकी भावंडं. रेसिंग गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपर यांना मिनी रस्त्यावर चालताना बघून तिच्यातली धावणारी गाडी दिसली, आणि १९६१मध्ये ९९७ सीसीची मिनी कूपर आली. मग १९६३मध्ये कूपर एस. एस इंजिनासाठी बोअर एकदम ७०.६ मिमी केला. मुळात ६२.९साठी आखलेल्या ब्लॉकमध्ये एवढी मोठी चार भोकं बसायची कशी? तर दोन कडेचे सिलिंडर आणखी बाहेर सरकवले आणि मधले दोन एकमेकांच्या जवळ आणले. गच्च भरलेल्या बाकावर दोघांनी कडेला सरकावं आणि दोघांनी खांद्याला खांदा लावावा, तसं. क्रँकशाफ्टसाठी नायट्राइड केलेलं कणखर पोलाद वापरलं. आणि हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जाड झाकण, ब्लॉकवर आवळून धरायला नेहमीच्या नऊऐवजी अकरा जागा दिल्या: दहा स्टड, म्हणजे ब्लॉकमध्ये रोवलेल्या आणि वरून नट लागणाऱ्या आटेदार सळया, आणि एक बोल्ट.

एस इंजिनं तीन. बोअर तिघांचा एकच, ७०.६. स्ट्रोक मात्र वेगळा: ९७० सीसीला ६१.९ मिमी, १०७१ला ६८.३, १२७५ला ८१.३. आधी १०७१ आलं. जानेवारी १९६४मध्ये पॅडी हॉपकर्क यांनी ज्या लाल मिनीने माँटे कार्लो रॅली जिंकली, ती नंबर प्लेट ३३ ईजेबी असलेली गाडी १०७१ सीसीची होती. त्याच वर्षी ९७० आणि १२७५ आले आणि वर्ष संपायच्या आत १०७१ बंद झालं. सुमारे चार हजार गाड्या निघाल्या असतील तेवढ्याच.

पण हौशी माणसांच्या स्वप्नात येतं ते ९७०. त्याच्या फक्त ९६३ गाड्या बनल्या. शर्यतींमध्ये एक हजार सीसीच्या आतला एक गट असायचा, त्या गटात उतरता यावं म्हणून हे इंजिन काढलं. स्ट्रोक आखूड असल्यामुळे ते गरगर फिरायला अतिशय उत्सुक असतं. वॉरविक बँक्स यांनी १९६४ची युरोपियन टूरिंग कार स्पर्धा याच इंजिनावर जिंकली. मात्र दुकानात जाऊन गाडी घेणाऱ्याच्या नजरेने बघा. ९७०ची ताकद ६५ अश्वशक्ती, १२७५ची ७६. मोठं इंजिन कमी फेऱ्यांत जास्त ओढतं, चढावर गिअर कमी बदलावे लागतात. गिऱ्हाइकांनी अर्थातच मोठं घेतलं. म्हणजे आज ज्याच्यासाठी माणसं जीव टाकतात ते इंजिन दुर्मीळ झालं, कारण त्या वेळी ते फारसं कोणाला नको होतं. दुर्मीळ म्हणून मिरवणाऱ्या बऱ्याच वस्तूंचा पूर्वेतिहास असा काहीसा न खपलेला असतो, पण तो प्रदर्शनातल्या पाटीवर लिहीत नाहीत.

तर मला पाठ असलेला तक्ता हाच. तीन एस इंजिनं, एक बोअर, तीन स्ट्रोक. ६१.९, ६८.३, ८१.३. देवाचं नाव घ्यावं तसे हे आकडे माझ्या तोंडात होते.

मित्राच्या गाडीचा एक प्लग काढला. मिनीचे प्लग पुढच्या जाळीच्या बाजूला असतात, हात सहज पोचतो. भोकातून वेल्डिंगची एक मऊ सळई वाकवून आत सोडली, ती पिस्टनच्या डोक्यावर टेकवली. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मित्राने ती मागून हळूहळू ढकलली, म्हणजे इंजिन फिरतं. पिस्टन सगळ्यात वर आला तेव्हा सळईवर एक खूण, सगळ्यात खाली गेला तेव्हा दुसरी. हे मोजमाप काही अचूक नसतं. प्लगचं भोक तिरपं, सळई वाकलेली, आणि ढकलणारा मित्र दर दोन इंचांनी "झालं का?" विचारणारा. पण ६२, ६८ आणि ८१ यांच्यात निवड करायची असेल तर इतपत पुरतं.

दोन खुणांमधलं अंतर अडुसष्टच्या आसपास आलं. तीनदा मोजलं. तीनही वेळा तेच.

"एक हजार एकाहत्तर!" मी ओरडलो. हॉपकर्कचं इंजिन! मित्राने हात पुसायचं फडकं हवेत उडवलं. त्या रात्री त्याने मला तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी तर त्याच्याकडे विचारायला काही नव्हतंच, नुसतं "एक हजार एकाहत्तर ना?" एवढंच.

मला झोप आली नाही, ती आधी आनंदाने. मग दोनेकच्या सुमाराला दुसऱ्याच कारणाने. मी उठून सगळ्या ए-सिरीज इंजिनांची मापं पुन्हा काढून बसलो, आणि तिथे माझ्या डोळ्यांसमोर एक ओळ होती जी मी हजार वेळा वाचून सोडून दिली होती. कारण ती ओळ कोणाच्याच स्वप्नातली नव्हती. मिनी ८४८ सीसी. सगळ्यात साधं, सगळ्यात पहिलं, लाखोंनी निघालेलं इंजिन. बोअर ६२.९. स्ट्रोक ६८.२६.

१०७१चा स्ट्रोक? ६८.२६. एका दशांशाचाही फरक नाही. सगळ्यात गरीब आणि जवळजवळ सगळ्यात राजेशाही, या दोघांचे पिस्टन अगदी सारखंच अंतर वरखाली करतात. फरक सगळा बोअरचा, आणि बोअर प्लगच्या भोकातून दिसत नाही.

माझ्या तक्त्यात फक्त राजे होते. म्हणून मी मोजलेला प्रत्येक माणूस राजाच निघणार होता.

नंतर कळत गेलं की या घराण्यात अशा फसव्या जोड्या ठिकठिकाणी पेरलेल्या आहेत. १९६१च्या ९९७ कूपरचा स्ट्रोक ८१.२८, आणि १२७५ एसचा ८१.३३. पाच शतांश मिलिमीटर! कोणत्या सळईने मोजणार? इंजिन नंबराचंही तसंच. ९७०च्या नंबराची सुरुवात ९एफ-एसए-एक्स अशी, १२७५ची ९एफ-एसए-वाय. एवढं सरळ आहे म्हणेपर्यंत १०७१ येतं: ९एफ-एसए-एच. आणि साध्या ९९७ कूपरचा नंबर? ९एफ-एसए-एच. शेवटच्या 'एच'चा अर्थ फक्त हाय कॉम्प्रेशन. तेव्हा पट्टीवर हा नंबर वाचून कोणी हुरळून जातो, कोणी उगाच खट्टू होतो. पुढचा अनुक्रमांक कुठून कुठपर्यंत कोणाचा, हे माहीत असल्याशिवाय त्या तीन-चार अक्षरांना काही अर्थ नाही.

आणि पट्टी ही पट्टीच असते. दोन रिव्हेट फोडले की निघते, दोन ठोकले की बसते. कोरी पट्टी घेऊन तिच्यावर हवे ते आकडे ठोकणं हे काही फार कौशल्याचं काम नाही. इंग्लंडमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे जुन्या कारखान्यांच्या नोंदवह्या आहेत. गाडीचा चासी नंबर दिला की ती कोणत्या इंजिन नंबरासकट बाहेर पडली याचं प्रमाणपत्र मिळतं. त्याची मदत मोठी होते, पण ते प्रमाणपत्र त्या दिवसाच्या गाडीबद्दल बोलतं. मधल्या साठ वर्षांत कोणी कोणतं इंजिन उतरवलं आणि कोणतं चढवलं, ते त्याला कसं माहीत असणार?

मग विश्वास कशावर ठेवायचा? माझं आता असं झालंय की जी वस्तू एका दुपारात बदलता येते तिची साक्ष मी सगळ्यात शेवटी काढतो. डिकीवरचं अक्षर दोन स्क्रूंचं. कार्ब्युरेटर तासाभराचे. हेड अर्ध्या दिवसाचं. रॉकर कव्हर काढलं की हेडवर ओतीव नंबर दिसतो: १२जी२९५ असेल तर ते ९९८ कूपरचं किंवा एमजी ११००चं, १२जी९४० असेल तर नंतरच्या १२७५ आणि १३०० गाड्यांचं, एईजी१६३ असेल तर एसचं. पण चांगलं हेड साध्या ब्लॉकवर बसवणं हा तर मिनीवाल्यांचा आवडता उद्योग. हेडचा नंबर हेडबद्दल सांगतो, खालच्या इंजिनाबद्दल नाही.

ब्लॉक मात्र सहसा खोटं बोलत नाही, फक्त त्याला एकच प्रश्न विचारून भागत नाही. अकरा जागांचं हेड ही एसची खूण, बरोबर. पण नंतरच्या साध्या १२७५ ब्लॉकला दोन भोकं जास्तीची पाडून त्याला अकरावर नेणारे खूप होते. मग मागच्या बाजूला वाकून बघायचं. साठच्या दशकातल्या एस ब्लॉकला कार्ब्युरेटरच्या खाली दोन पत्र्याची झाकणं असतात, व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटची. नंतरच्या १३०० आणि १२७५ जीटीच्या ब्लॉकला ती नाहीत, तिथे सपाट लोखंड आहे. छोट्या बोअरच्या ८४८, ९९८ ब्लॉकला झाकणं आहेत, पण अकरा जागा नाहीत. म्हणजे नुसती झाकणं किंवा नुसते अकरा यातलं एकटं काहीच सिद्ध करत नाही. दोन्ही एकत्र दिसले तर मात्र खुर्ची ओढून बसावं.

ही अशी मजा एकट्या मिनीची नाही. फियाट ५००च्या शेजारी स्टायर-पुख ५०० उभी केली तर अंग बरंचसं तेच दिसतं, पण ऑस्ट्रियातल्या कारखान्याने मागे आपलं स्वतःचं इंजिन घातलं होतं, दोन सिलिंडर एकमेकांसमोर आडवे पडलेले. तिथे तर डोळे मिटून नुसतं ऐकलं तरी चालतं. फियाटच्याच जार्दिनिएरामध्ये, मागे सपाट जागा मिळावी म्हणून, नेहमीचं उभं इंजिन चक्क कुशीवर झोपवलं. आणि फियाटच्याच गाड्या वेगवान करून विकणाऱ्या अबार्थच्या ५९५, ६९५ यांच्याबद्दल काय बोलावं! अबार्थ ही अक्षरं ओतलेली तेलाची टाकी एखाद्या साध्या पाचशेखाली लावली की त्यांच्या खुणेच्या विंचवाचं चित्र दारावर चिकटवायला कितीसा वेळ लागतो. हिलमन इम्पचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन ८७५ सीसीचं, पण रॅलीसाठी त्यातूनच ९९८ काढलं होतं, स्ट्रोक तोच ठेवून फक्त बोअर वाढवून. म्हणजे माझ्या सळईने तिथेही मला तोंडघशी पाडलं असतं.

असो. सकाळी मित्राकडे गेलो. वाटेत तीन वेळा वाक्य जुळवलं आणि तीनही वेळा ते मला आवडलं नाही. शेवटी त्याला काहीच न सांगता रॉकेल आणि तारेचा ब्रश मागितला आणि हेडच्या कडा घासायला लागलो. खपली निघत गेली तसे नट एकेक करून उघडे पडले. एस हेडला दोन टोकांना एकेक जास्तीची जागा असते. मी डाव्या टोकाला घासलं. गुळगुळीत लोखंड. उजव्या टोकाला घासलं. गुळगुळीत लोखंड. पुन्हा डावीकडे गेलो, जणू मधल्या काळात तिथे काही उगवणार होतं.

"नऊ," मी म्हणालो.

"म्हणजे?"

म्हणजे काय ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मला वाटलं होतं तो विकणाऱ्याला शिव्या घालेल, किंवा मला. तसा त्याला हक्क होता. विकणाऱ्याने निदान हलक्या आवाजात सांगितलं होतं, मी तर ओरडलो होतो. पण तो बराच वेळ त्या इंजिनाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "काय नाही ते दोनदा कळलं. आता आहे काय ते सांग की."

त्यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण तो प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता. मी आजवर जी काही इंजिनं बघितली ती 'एस आहे का?' असं विचारत बघितली. नाही म्हटलं की माझं काम संपायचं.

हेड उतरवलं. वरचं सगळं सुटं करून, गॅस्केट सोलून काढून, आत बघितलं तर चारही पिस्टनवर काजळी. एकावरची चाकूने नाही, लाकडाच्या चपट्या काडीने खरवडली. खाली ठोकलेले आकडे होते: ०६०. म्हणजे मूळ मापापेक्षा साठ हजारांश इंच मोठा पिस्टन. सिलिंडर झिजला की तो पुन्हा कातून गोल करतात आणि मोठा पिस्टन घालतात. बोअरिंग म्हणतात त्याला. इथे ते दीड मिलिमीटरपर्यंत गेलेलं होतं. एकदाच एवढं कातलं, की कोणी थोडं, मग दुसऱ्याने आणखी थोडं, ते आता कळायचा मार्ग नव्हता.

व्हर्निअर लावला. ६४.४ आणि अर्ध्या रेघेवर. मी गाडीच्या मडगार्डवर टेकून कागदावर गुणाकार केला. स्ट्रोक ६८.२६, चार सिलिंडर. उत्तर आलं ८९१.

"हे कोणतं?" मित्राने कागदावर वाकून विचारलं.

८९१ सीसीचं ए-सिरीज इंजिन कोणत्याही कारखान्याने काढलं नाही. माझ्या राजांच्या तक्त्यात ते नव्हतं आणि रात्री दोन वाजता उघडलेल्या सगळ्या घराण्याच्या तक्त्यातही नव्हतं. हे इंजिन झिजून झालेलं होतं. कोणीतरी ते इतकं चालवलं, की त्याचे सिलिंडर खाऊन गेले. मग कोणीतरी ते टाकून न देता कातून घेतलं आणि पुन्हा चालवलं. याहून मोठा पिस्टन घालायला आता भिंतीत फारसं लोखंडही उरलेलं नसणार. मी मित्राला एवढंच म्हणालो की ते ८४८ आहे, मोठं होत गेलेलं.

"मग ठेवू या," तो म्हणाला. "एसचं अक्षर काढून टाकतो."

अक्षर काढल्यावर तिथे डिकीवरही दोन भोकं राहिली. ती त्याने बुजवली नाहीत. पाणी आत जातं, बुजव म्हणून मी दोनदा सांगितलंय.

पुढच्या रविवारी नवीन गॅस्केट टाकून हेड बसवलं. हेडचे नट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला आवळत जायचे असतात, तेही एकदम पूर्ण नाही, फेऱ्याफेऱ्यांनी, नाहीतर हेड वाकडं बसतं. तो टॉर्क पाना ओढत होता आणि मी क्रम सांगत होतो. शेवटच्या फेरीत, सवयीने, मी टोकाच्या नटापलीकडे बोट नेलं आणि थांबलो.

"नऊच आहेत," तो पाना खाली ठेवत म्हणाला. "परत मोजू नकोस."